केल्विन त्रिनिदादवाला

आमच्या ऑर्केस्ट्रात गाणी जेवढी नीट बसली नसतील, तेवढे किस्से बसले. जुन्या वादकांपैकी दोघं कुठे भेटले की पहिला विचारतो, "केल्विनचा सांगू?" दुसरा म्हणतो, "कुठला? स्टेशनचा, पिंपाचा की विगचा?" झालं! समोरचा चहा गार होतो आणि बायका घरी वाट बघत बसतात.

मी या ऑर्केस्ट्राची अनाउन्सर, शुभा. दिवसा बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका ऑफिसात टायपिंग आणि संध्याकाळी हातात माइक, असं माझं कैक वर्षं चाललं. त्यामुळे हे किस्से सांगायचा पहिला हक्क माझा. बाकीचे लोक मीठमसाला घालतात. मीही घालते, पण प्रमाणात!

*

आधी बापू सांगायला हवेत. त्यांच्याशिवाय केल्विन कळायचा नाही.

बापू म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक, ढोलकीवादक, मॅनेजर, सगळं काही. नोकरी प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. तलवार गेली, घोडा गेला, मिशी तेवढी वारशात आली. आणि काय मिशी! सायकलवरून यायचे तेव्हा आधी मिशी दिसायची, मग बापू.

दुसरी गोष्ट म्हणजे हा माणूस खोटं बोलायचा नाही. कुणाला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही. "खोटं बोललो तर मिशी उतरवीन," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका गणेशोत्सवात मी जोशात अनाउन्स केलं, "रसिकहो, आज मैदान खचाखच भरलंय, पाय ठेवायला जागा नाही!" मागून बापूंचा आवाज आला, आणि त्यांचाही माइक चालू, "शुभाताई, मागच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत."

पब्लिक खो खो हसलं. मी पुढच्या कार्यक्रमापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. शेवटी तेच म्हणाले, "मग काय करू? खोटं बोलू? मिशी उतरवू?"

*

नव्वदीची सुरुवात होती. घराघरांत केबल नुकती येत होती आणि 'फॉरेन' म्हटलं की लोक मान वळवून बघायचे. इथल्या संगीत महाविद्यालयात गाणं शिकायला त्रिनिदादहून एक मुलगा येणार, त्याला राहायला जागा हवी, असं बापूंना कुणीतरी सांगितलं. बापूंनी वरची खोली दिली आणि स्वतः त्याला आणायला स्टेशनवर गेले. हातात पुठ्ठ्याची पाटी, तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'केल्विन'. पण लिहिलं देवनागरीत!

गाडी आली. बापू गोरा माणूस शोधतायत. गोरा काही दिसेना. शेजारी एक काळासावळा, कुरळ्या केसांचा मुलगा बॅगा घेऊन उभा. अगदी जवळच्या पादरा गावाहून बाजाराला आल्यासारखा. बापू त्याला म्हणाले, "ए भाई, जरा आ पकड ने," आणि पाटी त्याच्या हातात देऊन पुढचे डबे बघायला गेले.

मुलगा बिचारा पाटी घेऊन उभा राहिला. त्याला वाटलं, इथे पाहुण्याच्या हातात काहीतरी देऊन स्वागत करायची पद्धत असेल!

गाडी सुटली, प्लॅटफॉर्म रिकामा झाला, तेव्हा बापू घाम पुसत परत आले आणि वैतागून म्हणाले, "साला केल्विन आलाच नाही."

मुलगा उजळला. "येस! केल्विन!"

त्याच्या पणजोबांना बिहारमधून उसाच्या मळ्यात कामाला जहाजाने नेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. बापू मात्र म्हणाले, "पाटी बरोबर माणसाच्याच हातात दिली होती की नाही?"

*

केल्विनच्या देशात तेलाचं पिंप ठोकून ठोकून त्याचं वाद्य करतात. वरचा पत्रा परातीसारखा खोल करायचा आणि त्यात एकेक सूर ठोकून बसवायचा. बापूंनी हे ऐकलं मात्र, भंगारबाजारातून पिंप आलंच! दोघं अंगणात बसून ठोकायला लागले. काकूंनी, म्हणजे बापूंच्या बायकोने, कानात कापूस घातला. शेजारच्यांनी आपली पोरं आजोळी पाठवली.

पहिलं पिंप काही सुरात येईना. केल्विन हिरमुसला. "बापू, कसं वाटतं?"

"भंगार वाटतं," बापू म्हणाले. मिशीचा प्रश्न होता ना!

काकूंनी ते पिंप गच्चीवर चढवलं आणि त्यात बटाट्याचा कीस वाळत घातला. दुसरं पिंप मात्र असं गोड वाजलं की ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पण काकूंचा जीव पहिल्यावरच. कीस काढताना उलथनं लागून टण्ण झालं की वरूनच ओरडायच्या, "अहो, बघा! माझा पंचम लागला!"

*

वेस्ट इंडीजचा म्हटल्यावर सोसायटीच्या पोरांनी त्याला क्रिकेटच्या मॅचला उचलून नेलं. समोरच्या टीमचा ओपनर हेल्मेट मागायला लागला! टेनिस बॉलची मॅच, आणि हेल्मेट!

केल्विनने जन्मात बॉल टाकला नव्हता. तो लांबून धावत आला, फार लांबून. ओपनरने डोळे मिटले. बॉल केल्विनच्या डोक्यावरून मागे गेला आणि अंपायरच्या पोटात बसला.

अंपायर होते बापू. म्हणाले, "वाइड."

*

आता नवरात्रीचं ऐका. केल्विनचा आवाज म्हणजे खर्जात मध आणि वर गेला की धार. गुजराती तो वर्षभरात अस्खलित शिकला, मराठी काकूंकडून. बापूंनी त्याला गरब्याला बसवलं.

पहिल्याच रात्री काय झालं! मैदानात हजारो माणसं गोल फिरतायत, तीन टाळीचा गरबा. केल्विनने पहिली ओळ घेतली आणि सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. तो गायचा थांबला, छातीवर हात ठेवून वाकला आणि म्हणाला, "थँक यू! थँक यू, बडोदा!"

रिंगण एकमेकांवर आदळलं. बापूंनी ढोलकी सावरली, केल्विन परत गायला लागला, परत टाळ्या, आणि हा परत वाकला!

इंटरव्हलला बापूंनी त्याला बाजूला घेतलं. "बाळ, टाळी तुझ्यासाठी नाही. टाळी गरब्याची आहे. माताजींची आहे. तू गा, वाकू नको."

केल्विनचा चेहरा एवढासा झाला. "एकही माझ्यासाठी नाही?"

"एकही नाही," बापू म्हणाले.

मला इतका राग आला! म्हटलं, "बापू, एखादी म्हणायला काय जात होतं?" त्यांनी नुसता मिशीवरून हात फिरवला.

*

मग सिनेमा. हालोलला गुजराती पिक्चरचं शूटिंग चालायचं. जयंतीभाई नावाच्या डायरेक्टरना फॉरेनचा व्हिलन हवा होता. आम्ही केल्विनला घेऊन गेलो. जयंतीभाईंनी त्याला खालून वर पाहिलं. "आ तो आपणो ज लागे छे! फॉरेनर क्यां छे?"

"हाच," बापू म्हणाले.

जयंतीभाईंनी मेकअपवाल्याला हाक मारली. थोड्या वेळाने केल्विन बाहेर आला तो सोनेरी विग घालून! खऱ्या फॉरेनरला फॉरेनर दिसायला विग! मी हसून हसून खाली बसले. जयंतीभाई मात्र खूश. "हवे बराबर!"

तेव्हा शूटिंगला आवाज घेतच नसत, तो नंतर स्टुडिओत भरायचे. त्यामुळे केल्विनने कॅमेऱ्यासमोर ओठ तेवढे हलवायचे. पिक्चर लागला तेव्हा आम्ही सगळे बाल्कनीत. केल्विनने तोंड उघडलं आणि कुणा भलत्याचाच घोगरा आवाज गरजला, "हुं तने जीवतो नहि छोडुं!"

काकू अंधारात मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई! हा कोण? आपल्या केल्विनला एवढी सर्दी कधी झाली?"

एकामागून एक चार पिक्चर झाले. विग तोच, सर्दीही तीच. पण रस्त्यात लोक ओळखायला लागले, "ए, पेलो विलन जाय!"

*

हसू येतं खरं, पण केल्विनच्या गळ्याशी आलं होतं.

त्याच्या आईची नजर जवळजवळ गेलेली. चेहरे दिसायचे नाहीत, आवाज मात्र ती बरोबर ओळखायची. पिक्चरची कॅसेट तिला कुणीतरी लावून दिली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि फोनवर विचारलं, "केल्विन, हा कोण माणूस आहे? तू यात कुठे आहेस?"

केल्विन म्हणाला, "मा, मी गाण्याची कॅसेट पाठवतो."

ती म्हणाली, "बंद खोलीत कुणीही गातं. लोक तुला ऐकतात का, ते मला ऐकायचंय. दिवाळीपर्यंत ऐकव. नाहीतर परत ये, मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथे बस."

हे सांगताना तो काकूंच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता. असा गळा, आणि खिळे विकणार?

बापू तडक जयंतीभाईंकडे गेले. पुढच्या पिक्चरमध्ये पोराला स्वतःचा आवाज द्या, म्हणाले. जयंतीभाई कबूल झाले. झालं, आम्ही सगळे त्याच्या मागे लागलो! काकूंपुढे डायलॉग, माझ्यापुढे डायलॉग, भाजी निवडताना डायलॉग. स्टुडिओत केल्विन माइकसमोर उभा राहिला आणि असं झकास, चोख गुजराती बोलला की मी तिथेच टाळ्या पिटल्या.

जयंतीभाईंनी कपाळाला हात लावला. "फॉरेनर आटलुं सरस गुजराती बोले? पब्लिक नहि माने!"

परत तो सर्दीवाला आला. त्याने मोडकंतोडकं गुजराती बोलून दाखवलं आणि ते पास झालं.

केल्विन घरी आला. वरच्या खोलीत जाऊन त्याने बॅग खाली काढली. नवरात्र तोंडावर होतं. म्हणाला, "एवढे गरबे करतो, बापू. मग जातो."

*

काकू म्हणजे काकूच. सातव्या माळेला जेवण वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, मैदानाला लागून एसटीडीचा बूथ आहे ना? तिथून फोन लावा आणि ऐकवा की तिला! लोक काय फक्त पिक्चरमध्येच असतात?"

इतके दिवस कुणाला सुचलं नव्हतं!

त्या संध्याकाळी गरबा सुरू झाला तेव्हा त्रिनिदादला सकाळ होती. मी बूथमध्ये. लाइन लागली. मी ओरडले, "मॅडम, प्लीज लिसन!" आणि वायर ताणून रिसीव्हर दाराबाहेर धरला, स्पीकरच्या दिशेने. केल्विनने सूर लावला. मी त्याला बरीच वर्षं ऐकत होते, पण तसा तो कधी गायला नव्हता. मैदान फिरत होतं, हजारो हात एकदम पडत होते. माझा हात भरून आला, पण मी रिसीव्हर हलवला नाही. आणि हो, मी रडत होते. रडेन नाहीतर काय!

इंटरव्हल झाल्याबरोबर केल्विन धावत आला. त्याच्यामागे बापू, "पाच मिनिटं हं! पाच म्हणजे पाच!" करत.

आईचा आवाज एवढा खणखणीत की बूथमध्ये सगळ्यांना ऐकू येत होता. "केल्विन! तूच! माझाच मुलगा!" ती हसत होती, मधेच रडत होती. मग एकदम थांबली. "आणि एवढ्या टाळ्या? संपतच नव्हत्या! कोणासाठी होत्या त्या?"

केल्विनने तोंड उघडलं. त्याची नजर बापूंवर गेली आणि ते तसंच मिटलं. खाली मान घालून तो वायरला पीळ देत राहिला. तिकडून आई विचारत होती, "केल्विन? त्या टाळ्या कोणासाठी, बाळा?"

बापूंनी रिसीव्हर त्याच्या हातातून काढून घेतला. घसा साफ केला. वर्कशॉपमध्ये साहेबापुढे उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले.

"मॅडम, बापू स्पीकिंग. ऑल क्लॅपिंग फॉर युवर सन. ओन्ली युवर सन."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "देन टेल हिम टू स्टे. मामा बघेल दुकानाचं."

बापूंनी रिसीव्हर ठेवला. "चला, आरतीला उशीर होतोय," म्हणाले आणि आमच्याकडे न बघता स्टेजकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे माइक लावत होतो. बापू सायकलवरून आले, स्टँडला लावली, स्टेजवर चढले आणि ढोलकी मांडीवर घेऊन बसले.

मिशी नव्हती.

कीबोर्डवाल्याच्या हातातली पिन खाली पडली. मी काकूंकडे पाहिलं, काकू पदर तोंडाला लावून भलतीकडेच बघत होत्या. केल्विन माइक धरून नुसता उभा, डोळे भरलेले.

"बघतोस काय?" बापू म्हणाले. "सा दे."