नलूचं वांगं

मनकर्णाबाई आंजी गावच्या. साठी उलटली तरी रोज सकाळी सावंगीच्या दवाखान्यासमोर भाजी विकायला बसतात. त्यांच्या पांढरट वांग्याला गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं, 'नलूचं वांगं'. नलू म्हणजे त्यांची आई. तिने लग्नात लेकीच्या पदरात बांधलेलं बी बाईंनी चाळीस वर्षं राखेत घोळवून जपलं आणि कुणालाही दिलं नाही.

मागच्या वर्षी बहिणीचा मुलगा अंकित आला. बाईंच्या मांडीवर वाढलेला. वर्ध्यात त्याने बियाण्यांची कंपनी काढलेली. त्याला गावच्या शाळेत इंग्रजी मीच शिकवलं, हे सांगायला लाज वाटते. वांगं पाहून म्हणाला, "नाइस." भाजी खाऊन म्हणाला, "नाइस." बाईंनी बियांचा डबा उघडला आणि विचारलं, "पाकिटावर माह्या मायचं नाव टाकशीन ना?"

"नाइस, मावशी."

बाईंनी सगळं बी त्याच्या ओंजळीत ओतलं. मग वर्षभर बाजारात सांगत होत्या, मायचं नाव छापून येणार आहे.

जूनमध्ये पाकीट आलं. बाई ते घेऊन थेट माझ्या ओट्यावर.

"वाचा गुरुजी."

"अंकित स्पेशल."

"अखीन?"

"एवढंच आहे."

"पन तो नाइस म्हने. नाइस म्हंजे हो ना?"

पस्तीस वर्षं मी फळ्यावर 'नाइस म्हणजे छान' एवढंच लिहीत आलो. तिथंच थांबायचं होतं. पण मास्तरकीची खोड. म्हटलं, शब्द मूळचा लॅटिन. अर्थ, ज्याला काही ठाऊक नाही तो. इंग्रजीत आला तेव्हा मूर्खाला नाइस म्हणत. पुढे नखरेल झाला, नाजूक झाला, घासत घासत छान झाला.

बाईंनी पाकिटाची घडी घातली. मग म्हणाल्या, "म्हंजे मले अडानी म्हने. माह्याच हातचं खाऊन."

"अहो, त्याला हे कुठं ठाऊक?"

"नसू द्या. खरंच तं सांगून राह्यला होता. मलेच समजलं नाई."

मला संताप आला, अंकितचा आणि माझ्या जिभेचाही.

पोळ्याला अंकित पुन्हा आला. मी तिथेच होतो. बाई अंगणात शेंगा सोलत होत्या.

"मावशी, तुया लवंगी मिरचीचं बी देशीन ना?"

बाईंनी वर पाहिलं नाही.

"नाइस," म्हणाल्या.

अंकित खूश झाला. खुर्ची ओढून बसला. चहा आला, तो प्याला. खिशातून रिकामी पिशवी काढून उघडी धरली. बाई शेंगा सोलत राहिल्या.