तक्त्याची शेवटची ओळ

माझ्या मामांना सगळे डिग्रीमामा म्हणत. मामी हसून म्हणायच्या, "कॉलेजनं दिली नाही, ती डेअरीनं दिली." खोटं नव्हतं ते. मामा रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. घरात थोरले हेच. त्यांनी वह्या ट्रंकेत ठेवल्या आणि रस्त्याच्या वळणावरच्या डेअरीत दूध तपासायचं काम धरलं. नळकांड्यात दूध ओतायचं, त्यात काचेचा लॅक्टोमीटर सोडायचा, तो किती बुडतो ते बघायचं आणि मोठ्यानं डिग्री सांगायची. पाणी घातलेलं दूध पातळ होतं, लॅक्टोमीटर जास्त बुडतो, डिग्री उतरते. अठ्ठावीसच्या खाली गेली की दूध परत. असं तीनदा झालं की दूध घालणाऱ्याच्या कार्डावर "पाणी" असा शेरा पडायचा आणि कार्ड बंद.

पत्र्याच्या त्या खोलीत मामांनी सव्वीस वर्षं काढली. हिवाळ्यात ओटा असा गार पडायचा की बोटं वळत नसत, पण मामा प्रत्येक किटलीनंतर नळकांडं विसळून, उलटं धरून, शेवटचा थेंब निथळेपर्यंत थांबत. रांगेतली माणसं कुरकुरायची, पण त्यांच्या मापावर कुणी शंका घेतली नाही. त्यांचा स्वतःचा साडू एकदा पातळ दूध घेऊन आला, तेव्हा त्याचीही किटली त्यांनी परत केली होती. त्यावरून मामींच्या माहेरी वर्षभर अबोला होता. मामा एवढंच म्हणाले होते, "काच कुणाचं तोंड बघत नाही. मी कशाला बघू?"

डेअरीच्या कुंपणाच्या भिंतीला लागूनच एका बाईंचं घर होतं. वय सत्तरीचं, घरात दुसरं कुणी नाही, गोठ्यात एक गाय. सगळे त्यांना पलीकडच्या मावशी म्हणत. पूर्वी त्या दूध घरोघरी घालत. गुडघे दुखायला लागले तशा त्या डेअरीत यायला लागल्या. घरापासून खिडकीपर्यंत जेमतेम चाळीस पावलं. धार काढली की तशीच किटली उचलायची आणि खिडकी उघडायच्या आधी येऊन उभं राहायचं. रांगेत पहिला नंबर त्यांचाच.

पहिल्याच दिवशी डिग्री आली सव्वीस. मामांनी मोठ्यानं सांगितली नाही, हळूच सांगितली. मावशी किटली घेऊन परत गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वीस. तेव्हा मामांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की किटली विसळलेलं पाणी राहत असेल तर बघा. त्या म्हणाल्या, विसळून उन्हात पालथी घालते. तिसऱ्या दिवशी पावणेसव्वीस. मागे बारा-पंधरा माणसं उभी होती. कुणीतरी मागून म्हणालं, "भिंत ओलांडेपर्यंत नळ लागतो वाटतं वाटेत." दोघंतिघं हसले.

मामांनी कार्डावर शेरा लिहिला. मावशींनी तो वाचला, कार्ड घडी घालून कनवटीला खोचलं आणि म्हणाल्या, "भाऊ, पाणी मी डोक्यावरून आणते. दुधात घालायला मला परवडेल का?"

त्यानंतर त्या आल्या नाहीत. भिंतीपलीकडून रोज पहाटे चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज यायचा, आणि मामा इकडे नळकांडी पुसत बसलेले असायचे. काच खोटं बोलत नाही, हे ते स्वतःला सांगत. पण त्या महिन्यात त्यांचं जेवण कमी झालं होतं, हे मामींच्या लक्षात आलं होतं.

मग एक दिवस एक सायकलवाला आला. तो लांबच्या वस्तीवरून दूध आणायचा आणि त्याची डिग्री कायम एकोणतीस. त्या आठवड्यात बायको बाळंतपणाला माहेरी आली होती, म्हणून त्यानं गायही सासुरवाडीला आणून बांधली होती, डेअरीच्या मागच्याच गल्लीत. किटली उघडली तर दुधाला अजून वाफ होती. डिग्री आली सत्तावीस. तो मावशींसारखा गप्प बसणारा नव्हता. पुन्हा मोजा म्हणून त्यानं खिडकीच धरली. रांग खोळंबली, तेव्हा मामांनी किटली आपल्या ओट्यावर ठेवून घेतली आणि शेवटी बघू म्हणाले.

दोन तासांनी, सगळी दुधं आटोपल्यावर, त्यांनी तीच किटली पुन्हा मोजली. एकोणतीस. किटलीला कुणी हात लावला नव्हता, मामांची स्वतःची नजर तिच्यावर होती.

सायकलवाला खूश होऊन निघून गेला. मामा स्टुलावर बसले. भिंतीवर उष्णतेचा तक्ता होता. गरम दुधात लॅक्टोमीटर जास्त बुडतो, म्हणून दूध किती गरम आहे ते बघून डिग्रीत थोडी भर घालायची, आणि ती किती घालायची ते त्या तक्त्यात. इतकी वर्षं रोज बघितलेला तक्ता त्यांनी जवळ जाऊन पुन्हा वाचला. शेवटची ओळ तीस अंशांची होती. त्यापुढे काहीच नव्हतं. लांबून येणारं दूध वाटेत निवायचं, त्यामुळे तक्ता कधी कमी पडलाच नव्हता. पण मावशींचं दूध पस्तीस अंशांचं असायचं. तिथे मामा वरच्या ओळींच्या हिशेबानं पुढची भर मनानंच घालत आले होते. शिवाय नुकत्याच काढलेल्या दुधात धारेबरोबर बारीक हवा कोंडलेली असते. ती निघून दूध बसायला वेळ लागतो, आणि तोवर ते हलकंच भरतं. हे त्यांनी कॉलेजच्या वहीत कधीतरी लिहून घेतलं होतं. घरी येऊन ट्रंक उघडून त्यांनी ते पान शोधलं. मामींना दाखवलं आणि म्हणाले, "सगळ्यांत ताजं दूध होतं गं तिचं."

मामींनी पान वाचलं. मग म्हणाल्या, "अहो, मग इथे काय बसलाय?"

मामांना मात्र नुसती माफी मागायची नव्हती. आधी डोळ्यांनी बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते नळकांडं, लॅक्टोमीटर आणि थर्मामीटर पिशवीत घालून मावशींच्या गोठ्यात गेले. आत येऊ का विचारलं. मावशी म्हणाल्या, "या. वासराला धरा, ते मधे मधे येतं." मामांनी वासरू धरलं. मावशींनी धार काढली. मामांनी लगेच माप घेतलं. सव्वीस.

मावशींनी तो आकडा बघितला आणि चरवीवर फडकं झाकलं. "झालं समाधान?"

"दोन तास थांबू द्या मला," मामा म्हणाले.

ते दोन तास फार अवघड गेले, असं मामा सांगत. गोठ्यात एकच पाट होता, तो मावशींनी त्यांना दिला आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या. सुरुवातीला दोघंही गायीकडे बघत राहिले. मग मावशींनी चहा केला. हळूहळू त्या बोलायला लागल्या. नवरा गेल्यावर गाय विकायला सगळ्यांनी सांगितलं होतं, पण घरात कुणीतरी श्वास घेतंय एवढ्यासाठी ठेवली. डेअरीचं कार्ड बंद झाल्यापासून दूध विरजून, लोणी काढून शेजारी वाटत होत्या. रांगेतल्या एका बाईनं लोणी घ्यायला नकार दिला, त्याचं त्यांना जास्त लागलं होतं. मामा ऐकत राहिले. चहा निवून गेला.

दोन तासांनी त्यांनी मावशींच्या समोर माप घेतलं. अठ्ठावीस आणि थोडी वर. त्यांनी नळकांडं त्यांच्या डोळ्यांजवळ नेलं. मावशींना आकडे वाचता येत होते, त्यांनी दोनदा वाचले.

"म्हणजे मी लवकर आले म्हणून चोर ठरले?"

"हो," मामा म्हणाले. "माझं चुकलं मावशी."

मावशींनी चरवीवर पुन्हा फडकं झाकलं. मग म्हणाल्या, "माझ्याशी बोललात, बरं झालं. पण शेरा चारचौघांत लिहिला होतात."

मामांना ते कळलं. त्याच सकाळी, उशिरानं खिडकी उघडल्यावर, त्यांनी भरल्या रांगेला सगळं सांगितलं. दूध चांगलं होतं, माप चुकीच्या वेळी घेतलं आणि त्यावरून नको ते लिहिलं. ज्यानं नळाचा विनोद केला होता, तो किटलीचं झाकण उगाच फिरवत राहिला. संध्याकाळी लोणी नाकारणारी बाई मावशींच्या दारात वाटी घेऊन गेली, हे मात्र मामींनी स्वतः बघितलं.

डेअरीच्या मोठ्या ऑफिसला मामांनी पत्र लिहिलं. साहेबांचं उत्तर आलं, की तक्ता बरोबर आहे. मामांनी पुन्हा लिहिलं, की तक्ता बरोबरच आहे, तो कुठवर बरोबर आहे ते आपण खाली लिहिलं नाही. त्याचं उत्तर आलं नाही. मग त्यांनी आपल्या हातानं तक्त्याखाली ओळ लिहिली, "यापुढे मोजू नये, दूध निवू द्यावं." खिडकीशेजारी गार पाण्याचं टाकं बांधून घेतलं, ताज्या किटल्या आधी त्यात बसायच्या. आणि "पाणी" हा शब्द त्यांनी कार्डावर पुन्हा कधी लिहिला नाही. "डिग्री कमी" एवढंच लिहायचे. म्हणायचे, आपण डिग्री मोजतो, पाणी मोजत नाही. दोन्हींच्या मधली उडी आपली असते, काचेची नाही.

जुन्या रजिस्टरात "पाणी" शेऱ्याची आणखी नऊ नावं निघाली. रविवारी मामा एकेकाला शोधत फिरले. दोघं गाव सोडून गेले होते, एकजण वारला होता. एका म्हाताऱ्यानं त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, खाट ओढून बसवलं आणि म्हणाला, "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. मी खरंच घालत होतो." मामा घरी येऊन ते सांगताना हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले.

मावशींची गाय तोवर आटायला आली होती. ती पुन्हा व्याली तेव्हाच त्या डेअरीत यायला लागल्या. पण मामा मधल्या काळातही अधूनमधून त्यांच्याकडे जात. पुढच्या हिवाळ्यात मावशी पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. खाटेवरून उठता येईना, आणि गाय तर दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देईना. मामा म्हणाले, मी बघतो. इतकी वर्षं दूध मोजलेल्या माणसानं एकदाही धार काढली नव्हती. गोठ्याचं दार उघडं ठेवून मावशी आतल्या खाटेवरून सांगत होत्या, "आधी पाठीवरून हात फिरवा. घाई नको. तिला ओळख पटू द्या. आता अंगठा आत घ्या, वरून खाली." मामांनी ओढलं. काही आलं नाही. पुन्हा ओढलं, तेव्हा एक धार त्यांच्या चष्म्यावर आली आणि गायीनं पाय झाडून चरवी उलटवली.

मावशी आतून विचारत होत्या, किती निघालं. मामांनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "निघालं खरं मावशी. पण मोजता येणार नाही."

खाटेवरून हसण्याचा आवाज आला. पलीकडच्या मावशींना हसताना मामांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.