मर्व्हिन टकवेलची घुमणारी पिकअप

मर्व्हिन टकवेल कुठं निघाला, की आधी आवाज यायचा, मग धूळ, आणि सगळ्यात शेवटी मर्व्हिन. त्याच्या जुन्या पिकअपच्या मागच्या चाकातनं असा घुमारा निघायचा, की रानातली मेंढरं चरायची थांबून माना वर करायची. आमच्या पिनवारी गावातल्या बाया तर त्या आवाजावर चहाला पाणी ठेवायच्या. "घुम्या आला," म्हणायच्या.

गडी सत्तरीला टेकलेला, काटक. आखूड चड्डी आणि पोटरीभर मोजे, उन्हाळा असो की हिवाळा. गहू आणि मेंढरं यांत हयात गेली, पण गाडी कधी मिस्त्रीच्या दारात नेली नाही. ते तसं आमच्याकडं कुणीच करत नाही. आमच्या ह्या मॅली मुलखाच्या लाल मातीत गाडी ज्यानं त्यानं आपल्याच शेडात उघडायची आणि बाकीच्यांनी बियरचा डबा हातात घेऊन चुका काढायच्या, ही रीतच आहे. मर्व्हिनचं मात्र त्याच्याही पुढचं. तो गावाला पाना देणार, जॅक देणार, पाण्याचा पंप देणार. पण स्वतः कुणाकडं खिळाही मागणार नाही. त्याच्या वाड्याचं फाटक जुन्या पलंगाचं आहे. बायकोच्या बागेतलं बाकडं ट्रॅक्टरच्या सीटचं. त्यावर बसलं की बूड गारठतं, पण तसं म्हणायची सोय नाही.

बायको नोएलीन तेवढी म्हणायची. यंदा शेतकी जत्रेत केकच्या स्पर्धेला पंच म्हणून तिला बोलावणं आलं होतं. जन्मभर दुसऱ्यांनी तिच्या केकात सुरी खुपसली. आता सुरी तिच्या हातात येणार होती.

"मर्व्ह," ती म्हणाली, "ह्या भोंग्यात बसून मी जत्रंला जायची न्हाई. लोक म्हंतील, पंच आली का आगीचा बंब आला? शनवारपतोर ह्येचं तोंड बंद कर. न्हाईतर मी डग प्रिस्कच्या गाडीतनं जाते, आन् हे धूड त्येच्या कोंबड्यास्नी दिऊन टाकते."

डग प्रिस्क म्हणजे शेजारी. त्याच्या रानात मर्व्हिनच्या गाडीच्याच जातीची एक पिकअप मरून पडलेली, तिच्यात त्याच्या अर्ध्या कोंबड्या राहायच्या. उरलेल्या अर्ध्यांसाठी त्याचा डोळा मर्व्हिनच्या गाडीवर होता. येता-जाता हौद्यावर थाप मारून विचारायचा, "काय म्हंत्यात आमच्या पोरींचं घर?"

मर्व्हिननं गाडी ठोकळ्यांवर चढवली. ब्रेकचा डबा, म्हणजे ड्रम, काढला, तोच उलटा अडकवून हिसके दिले, तसा मागच्या चाकाचा आस सुळकन बाहेर आला. सील फाटून तेल ब्रेकवर उतरलं होतं, आणि बेरिंग बोटानं फिरवलं तर दाताखाली खडा आल्यासारखं करकरत होतं.

"बघ, रोग घावला," तो खूष होऊन म्हणाला. बेरिंग धरून ठेवणारं पोलादी कडं त्यानं छिन्नीनं फोडलं, जुनं बेरिंग उतरवलं. नवं बेरिंग, नवं सील, नवं कडं, सगळं आणून ठेवलेलंच होतं. राहिली बेरिंगला खोबणीत दाबून धरणारी चार भोकांची प्लेट. ती काही बदलायची नसते. दुसरा कुणी फडक्यानं पुसून मोकळा झाला असता. पण हा मर्व्हिन! त्यानं ती घासली, तिला काळा रंग दिला आणि वाळायला नोएलीनच्या कपड्यांच्या तारेवर चिमट्यानं टांगली.

आस त्यानं शेडातल्या फ्रीजरमध्ये मटणाच्या तंगड्यांशेजारी निजवला, म्हणजे गारठून अंग चोरील. कडं ठेवलं नोएलीनच्या केकच्या भट्टीत, म्हणजे तापून फुगेल. मग आस काढला, बेरिंग नळीच्या तुकड्यानं ठोकून बसवलं आणि पकडीत तापलेलं कडं धरून स्वयंपाकघरातनं शेडाकडं जो धावला, तो कोंबडी चोरलेल्या कोल्ह्यासारखा. कडं आसावर सोडलं. ठप्प! जागच्या जागी बसलं. पाच-दहा श्वासांत गार होऊन असं आवळलं, की आता देव आला तरी निघायचं नाही.

मर्व्हिननं बियर उघडली. आम्ही दोघं-तिघं चुका काढायला आलेलो. चूकच नाही म्हटल्यावर हिरमुसलो.

एवढ्यात नोएलीन वाळलेले कपडे घेऊन आली. हातात आपली आत घालायची बॉडी आणि तिच्याबरोबर चिमट्याला लटकलेली काळी प्लेट.

"मर्व्ह, हे तुझं का माझं?"

प्लेट सगळ्यांत आधी चढवायची असते. आता आसाच्या एका टोकाला चाक जिच्यावर बसतं ती थाळी, दुसऱ्या अंगाला आवळलेलं कडं. प्लेट जाणार कुठनं?

"रंग लई ग्वाड दिलास पर," नोएलीन म्हणाली.

कडं फोडावं लागलं, आणि ते फोडताना छिन्नी नव्या बेरिंगवर बसली. शुक्रवार उजाडलेला. शहरातनं दुसरं यायला पुढचा आठवडा. जवळ म्हणाल तर एकच जागा, डगच्या घरातला फळीवरचा डबा. आपल्या मेलेल्या गाडीसाठी त्यानं कधीकाळी नवं बेरिंग आणि कडं आणलं होतं, पण ते बसवायच्या आधीच तिच्यात कोंबड्या राहायला आल्या होत्या.

मर्व्हिन चालत गेला. फाटकाला टेकून उभा राहिला.

"काय म्हंतोस, डग?"

"हाय आपलं."

"पाऊस न्हाई."

"न्हाई."

"मेंढरं बरी हाईत तुझी."

"बरी हाईत की."

मग दोघंही बराच वेळ मेंढरांकडं बघत राहिले. मर्व्हिननं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. डगला सगळं ठाऊक होतं, नोएलीननं सकाळीच फोन केला होता. पण तोही बेरकी.

"काय हवं हुतं का?" डगनं विचारलं.

"छ्या! सहज आलो."

"बरं. मग जातो मी, कोंबड्या डांबायच्यात." आणि वळला की खरंच!

"डग!" मर्व्हिनचा आवाज गाडीसारखाच घुमला. "बेरिंग... ते तुझ्याकडं असंल तर... दे की."

"काय म्हनलास?"

"दे म्हनलं! मागतोय न्हवं का, मुडद्या!"

डगनं खिशातनं बेरिंग आणि कडं काढलं. सकाळपासनं खिशातच होतं ते. "एवढंच ऐकायचं हुतं," तो म्हणाला. "कोंबड्यांचं काय, त्या झाडाव बी ऱ्हात्यात."

या खेपेला नोएलीन स्वतः शेडात उभी राहिली, प्लेट कांकणासारखी मनगटात घालून. "आधी ही," म्हणून तिनं स्वतःच्या हातानं ती आसावर सरकवली आणि मगच मर्व्हिनला भट्टीकडं जाऊ दिलं.

शनिवारी पिकअप गावातनं निघाली, तर कुणाला कळलंच नाही. दोन बायांचं चहाचं पाणी राहिलं. मर्व्हिन ऐटीत चालवत होता. गाव मागं पडलं, तसा त्याचा कान टवकारला. वेग कमी केला, वाढवला. खिडकीतनं डोकं बाहेर काढलं.

"नोएल, अजून काय तरी घुमतंय बघ. बारीक हाय, पर हाय. पुढल्या डाव्या चाकात असणार."

"त्ये चाक न्हवं," ती म्हणाली. "मी गानं म्हंतीया."

"कवाधरनं?"

"रोजच म्हंते की गाडीत."

मर्व्हिननं जरा वेळ ऐकलं. "सूर सैल हाय," म्हणाला, आणि नीट ऐकू यावं म्हणून खिडकीची काच वर घेतली.