वरच्या खोलीतली ऊब

२०२३ सालचा जानेवारी. माझं वय एकाहत्तर. बर्मिंगहॅममधल्या एका भाड्याच्या घरात, किचनच्या भिंतीवरच्या बॉयलरसमोर मी उभा होतो आणि त्या बॉयलरमध्ये मला काही खोट सापडत नव्हती. खोट नाही म्हणजे काम झालं, असं कुणालाही वाटेल. मला उलटं वाटतं. आदल्या संध्याकाळी या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला होता. अलार्म वाजतो आणि बॉयलर निर्दोष निघतो, म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय.

थोडं समजावून सांगतो. इथं घर गरम ठेवायला किचनमध्ये गॅसचा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, ते पाणी पाइपातून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. जळलेला वायू बाहेर टाकायला एक जाड पाइप असतो, त्याला फ्लू म्हणतात. हा फ्लू कुठं सुटला, किंवा गॅस नीट जळला नाही, तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. आम्ही त्याला नुसतं सीओ म्हणतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. मी सातवी नापास आहे. पण इथं गॅसला हात लावायचा तर दर पाच वर्षांनी परीक्षा द्यावी लागते, ती मी आजवर एकदाही चुकवलेली नाही. कार्ड कायम खिशात.

घरात चार माणसं. आशुतोष, नागपूरचा, कॉम्प्युटरवाला. त्याची बायको मधुरा, नुकतीच बाळंत झालेली. तिचं बाळ, अजून बारसंसुद्धा झालं नव्हतं. आणि मधुराची आई, बाळंतपणासाठी अमरावतीहून आलेली. आदल्या दिवशी अलार्म वाजल्यावर आशुतोषनं इमर्जन्सीला फोन केला होता. गॅसवाले आले, मीटरपाशी गॅस बंद केला, बॉयलरला ‘वापरू नका’ असा टॅग लावला आणि इंजिनियर बोलवा म्हणून गेले. तो इंजिनियर मी. मला पाठवलं होतं डॅरननं. डॅरन म्हणजे लेटिंग एजंट, घरमालकाच्या वतीनं भाडेकरू सांभाळणारा.

बाहेर बर्फ साचलेला. घरात मी कोट घालून काम करत होतो. बोटं वळत नव्हती.

डॅरनचा फोन आला. “काय, झालं का चालू?”

“नाही.”

“मेट, नवाकोरा बॉयलर आहे तो. त्या लोकांनीच काहीतरी केलं असेल. नवीन अलार्म लाव, सही कर, मोकळा हो.”

सही करून मोकळा हो असं जो म्हणतो, त्याच्यावर माझा पहिला संशय. बॉयलर डॅरननंच कुणाकडून तरी स्वस्तात बसवून घेतलेला. बसवणाऱ्याला मी ओळखत नव्हतो, म्हणून दुसरा संशय त्याच्यावर.

मी क्रमानं गेलो. तपासण्यापुरता गॅस चालू केला. मीटरवर प्रेशर लावून बघितलं, पाइप कुठं गळतोय का. नाही. बॉयलर पेटवला, फ्लूमध्ये ॲनलायझरची नळी घातली. ॲनलायझर म्हणजे हातात मावणारं यंत्र, कुठल्या हवेत सीओ किती ते सांगतं. आकडा उत्तम. किचनच्या हवेत धरलं. शून्य. रेडिएटर न चालवता, नुसता गरम पाण्याचा नळ सोडून अर्धा तास बॉयलर जोरात चालवला, पुन्हा धरलं. शून्य.

आशुतोष दारात उभा राहून बघत होता. “काका, म्हणजे बॉयलर ओके आहे ना?”

“बॉयलर ओके. फ्लूचं माहीत नाही. तो छताखालून जातो आणि कुणी शहाण्यानं त्याच्यावर बॉक्सिंग केलंय.”

बॉक्सिंग म्हणजे पाइप दिसू नये म्हणून लावलेली फळ्यांची पेटी. त्याला उघडायची झडप ठेवावी लागते, आतले जोड बघता यावेत म्हणून. इथं झडप नव्हती. मला वाटलं, सापडलास. झडप न ठेवणारा माणूस जोडही ठेवणार नाही. मी करवत काढली.

“कापताय?” आशुतोष घाबरला. “काका, माझं डिपॉझिट!”

“डिपॉझिट पाहिजे का पोरगं?”

मी फळी कापली, टॉर्च मारला. आत फ्लू सरळसोट, प्रत्येक जोडाला स्क्रू, प्रत्येक जोड घट्ट. ॲनलायझरची नळी त्या पोकळीत घातली. शून्य. त्या अनोळखी माणसाचं काम माझ्याइतकंच स्वच्छ होतं. मला त्याचा फार राग आला.

तेवढ्यात मधुराची आई खाली आल्या. डोक्याला स्कार्फ, अंगावर जावयाचं जॅकेट. “भाऊ, किती वेळ अजून? बाळंतीण आहे घरात. हे काय बाप्पा, आत-बाहेर सारखीच थंडी.”

“ताई, बाळ बरं आहे ना?”

“एकदम गुणी. रडतसुद्धा नाही. सकाळपासून झोपून आहे.”

“आणि आई त्याची?”

“डोकं दुखते म्हणते. जागरण होते ना. बाळंतपणात होतेच ते.”

एवढं बोलून त्या वर गेल्या. मला ते डोकं दुखणं आवडलं नाही. मी आशुतोषकडे वळलो.

“परवा डॉक्टरकडे गेला होतात म्हणालास. तिथं हिचं डोकं दुखत होतं का?”

“नाही. उलट तिथं फ्रेश होती. घरी आल्यावर पुन्हा सुरू.”

बाहेर गेलं की बरं, घरात आलं की दुखतं. माझ्या धंद्यात याचा एकच अर्थ होतो. सीओ घरात आहे. कुठून येतो तेवढं कळत नव्हतं. त्याच क्षणी सगळ्यांना बाहेर काढायला हवं होतं, पण किचनमधल्या शून्यावर मी विसंबलो.

आता संशय शेजारच्या घरावर. इथली घरं जोडीजोडीनं असतात, मध्ये एक भिंत सामायिक. शेजारी कोळशाची फायरप्लेस असेल तर त्यांचा वायू भिंतीतल्या फटीतून अलीकडे येतो. मी शेजारची बेल वाजवली. एका म्हातारीनं साखळी न काढता दार किलकिलं केलं. मी कार्ड दाखवलं. तिनं कार्ड बघितलं, मला बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं. फायरप्लेस विजेची आहे म्हणाली आणि दार लावलं. खरं सांगत होती. तिच्या छपरावर चिमणीच नव्हती.

परत आलो. किचनच्या टेबलावर अलार्म पडला होता, पांढरा, हाताएवढा. मी उचलला. तारीख ठीक, बॅटरी ठीक. बटण दाबलं, ठणाणा वाजला. मग सहज वर बघितलं तर दाराशेजारी भिंतीवर दुसरा अलार्म.

“हे दोन कसे?”

आशुतोष म्हणाला, “भिंतीवरचा घरमालकाचा. हा मी घेतला, बाळ येणार म्हणून.”

“काल कुठला वाजला?”

“हा.”

“हा इथंच होता?”

“नाही नाही. वर होता. मधुराच्या खोलीबाहेर. तुम्हाला दाखवायला सकाळी खाली आणला.”

“आणि भिंतीवरचा?”

“तो नाही वाजला.”

“हे आत्ता सांगतोयस?”

“तुम्ही विचारलं नाहीत काका. तुम्ही आल्या आल्या बॉयलरच उघडलात.”

पोरगं खरं बोलत होतं. बॉयलर खाली, वाजला वरचा. सीओ बॉयलरमधून निघून किचन सोडून थेट वर जात नाही. म्हणजे तो वरच जन्मतोय. मी बॉयलर विझवला, मीटरचा गॅस पुन्हा बंद केला, ॲनलायझर घेतला आणि जिना चढलो.

खोलीच्या दारात ताई आडव्या उभ्या राहिल्या. “आत बाळंतीण आहे. तुम्ही कुठं येता?”

“मला भिंती बघायच्यात.”

“भिंतीले काय झालं? बॉयलर खाली आहे. खाली बघा.”

“खालचं बघून झालं.”

“मग उद्या या. तिले झोप लागली आहे.”

मी गेली कित्येक वर्षं लोकांच्या घरात जातोय. थंडीनं गारठलेलं माणूस बॉयलरवाल्याला उद्या या म्हणत नाही. त्यात दार जरा ढकललं गेलं तसा आतून गरम झोत माझ्या तोंडावर आला. अख्ख्या घरात श्वासाची वाफ दिसत होती आणि ही खोली उबदार होती. विजेचा हीटर होता, पण जिन्याजवळ, प्लग काढलेला.

“ताई, ही खोली गरम कशानं आहे?”

आतून मधुराचा आवाज आला, झोपेत बोलल्यासारखा. “येऊ दे ना गं आई.”

मी ॲनलायझर दारातून आत धरला. आकडा हलला. मग चढायला लागला आणि चढतच राहिला. बॉयलर बंद, गॅस बंद, आणि आकडा चढतोय.

“आशुतोष! वर ये! बाळ उचल, बाहेर जा, रस्त्यावर!”

“बाहेर बर्फ आहे हो!” ताई ओरडल्या.

“बर्फात बाळ जगतं. इथं नाही. मधुरा, ऊठ पोरी, माझा हात धर.”

मधुराला उभं राहवेना. तिला एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं आईनं. खिडकी उघडायला गेलो तर फटीत टॉवेल कोंबलेला. वरच्या चौकटीत हवेसाठी बारीक भोकं असतात, ती चिकटपट्टीनं बंद. टॉवेल ओढून फेकला, खिडकी उघडली, आणि सगळ्यांना खाली काढलं. आशुतोषनं बाळाला स्वतःच्या कोटात घेतलं होतं. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला.

माणसं बाहेर आल्यावर मी श्वास रोखून एकदाच वर गेलो. पलंगाखाली फरशीचा तुकडा, त्याच्यावर ओव्हनचा लोखंडी ट्रे, ट्रेमध्ये निखारे. वर राखेचा थर, त्यात ओवा. बागेतल्या शेडमध्ये आधीच्या भाडेकरूची बार्बेक्यूच्या कोळशाची पिशवी पडली होती, त्यातले कोळसे, हे नंतर कळलं. जाड हातमोजे घालून तो ट्रे मी मागच्या बागेत बर्फात नेऊन टाकला.

आपल्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. मला माहीत आहे. माझ्या आईनं माझ्या बायकोला तसाच शेक दिला होता. पण आमचं मिरजेकडचं घर कौलाचं होतं, दहा ठिकाणी उजेड आत यायचा. इथं दुहेरी काचा, वर टॉवेल, वर चिकटपट्टी. खोली बरणीसारखी बंद.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही डॅरनला न विचारता त्याच्या घराचं दार सताड उघडं टाकून फुटपाथवर उभे होतो. बाळ हललं, तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला लागलं. एवढं छान रडणं मी ऐकलेलं नाही.

आशुतोषचा तोल गेला. “आई, तुम्ही माझ्या बाळाला मारलं असतंत! काल ते गॅसवाले आले तेव्हा का नाही बोललात?”

“तुम्ही रागवाल म्हणून ट्रे मागच्या बागेत नेऊन ठेवला,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. “पण धूर नव्हता हो. धुराचाच अलार्म असेल म्हणून मी सारा धूर बाहेर जाऊ देते, निखारा लाल झाल्यावरच आत आणते. माझ्या दोन्ही बाळंतपणांत होती शेगडी.”

“धूर दिसला असता तर बरं झालं असतं ताई,” मी म्हटलं. “धूर माणसाला पळवून लावतो. लाल निखारा गप्प बसून सीओ सोडतो.”

“आज गॅस बंद. पोर गारठली असती. म्हणून जास्त पेटवले.”

आशुतोष पुन्हा तोंड उघडणार होता. मी विचारलं, “खिडकीची भोकं चिकटपट्टीनं कुणी बंद केली?”

तो खाली बघायला लागला. “मी. वारा येत होता.”

“मग दोघं मिळून गप्प बसा. अलार्मही तूच आणलास, तेवढं शहाणपण दोघांना पुरे.”

मधुरा कुडकुडत म्हणाली, “काका, मला माहीत होतं शेगडीचं. पण अलार्म म्हणजे बॉयलरचाच, असं वाटलं.”

मलाही तसंच वाटलं होतं.

ॲम्ब्युलन्सनं चौघांना नेलं. आशुतोषनं जाताना चावी माझ्या हातात ठेवली. मी परत आत गेलो. कापलेल्या फळीच्या जागी नीट झडप बसवली, जी मुळात असायला हवी होती. गॅस चालू केला, सगळ्या चाचण्या पुन्हा घेतल्या. वरची चिकटपट्टी खरवडून काढली. बाळंतिणीच्या खोलीतला रेडिएटर बघितला तर त्याची चावी निम्म्यावर होती. ती पूर्ण उघडली. ताईंना ती फिरवायची असते हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

डॅरनचा फोन आलाच. झालं ते सगळं सांगितलं. “मग? भाडेकरूंचीच चूक ना? तसं लिहून दे. बॉक्सिंग कापलंस त्याचं बघायला लागेल.”

“बॉयलर चांगला आहे, कोळसा पलंगाखाली होता, आणि बॉक्सिंगला झडप नव्हती. हे तिन्ही लिहितो. त्यातलं एकच पाहिजे असेल तर दुसरा इंजिनियर बघ.”

तिन्ही लिहिलं. अक्षर माझं वाईट आहे, पण वाचता येतं.

संध्याकाळी आशुतोषचा फोन आला. मायलेकांच्या रक्तात सीओ सापडला होता. ऑक्सिजन लावला. दोघं ठीक होती, रात्रभर ठेवून घेणार होते. ताईंना थोडा होता. “आई काही खात नाहीयेत काका,” तो म्हणाला. मी म्हटलं, “मग तू त्यांच्यासमोर बसून खा. खातील.” थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला, खाल्लं म्हणून.

आता मी काय शिकलो ते सांगतो, आणि या वयात शिकायला मला आवडत नाही. अलार्म वाजला की बॉयलर उघडायचा हे नियमाप्रमाणे बरोबरच आहे, मी ते बदलणार नाही. फक्त त्याच्या आधी विचारायचं की घरात जास्तीत जास्त थंडी कुणाला वाजते आणि त्यानं त्यावर काय उपाय केलाय. यंत्रावर संशय घेणं सोपं असतं, यंत्र दारात आडवं उभं राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलंच काम साध्या सर्व्हिसिंगचं होतं. दार एका तरुण इंग्रज बाईनं उघडलं, कडेवर लहान मूल. मी कार्ड दाखवलं आणि म्हटलं, आधी वरच्या खोल्या बघू का? तिनं मला नखशिखांत न्याहाळलं. “बॉयलर किचनमध्ये आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” मी म्हटलं, आणि बूट काढून जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिलो, ती वाट देईपर्यंत.