तळमजल्याची शिफारस

मी घर बघायला गेलो होतो तो मावशीसाठी नाही, ऑफिसातल्या सहा जणांसाठी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, ठाण्यातले जागांचे भाव हाताबाहेर चालले होते आणि डब्याच्या वेळेला आमच्याकडे दुसरा विषय नसायचा. डोंबिवलीत आत्ता घेऊन ठेवायचं, पाच-सात वर्षं कळ काढायची आणि विकायचं. मी ड्रॉइंग विभागात ट्रेसर होतो, म्हणजे इंजिनियरने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर गिरवणारा. पण नकाशा वाचता येतो एवढ्यावर मी त्या सहा जणांचा जाणकार झालो, आणि मला ते फार आवडलं, हे आधीच सांगून टाकतो.

दोन रविवार डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला घालवले. तिथे कारखान्यांच्या वासाने दुपारपर्यंत घसा धरला, तेव्हा ते बाद केलं. तिसऱ्या रविवारी पश्चिमेला, खाडीच्या अंगाला एक स्कीम बघितली. दोन इमारती उभ्या होत्या, तिसरीचे खांब वर येत होते. माझ्याजवळ वही होती. स्टेशन चालत किती मिनिटं, नळाला पाणी किती वाजता, शाळा कुठे, दवाखाना कुठे, सगळं मी लिहून घेत होतो. बिल्डरच्या माणसाने खुर्ची दिली, थंड बाटली फोडली आणि मला ‘इंजिनियरसाहेब’ म्हणाला. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.

इमारतींच्या मागे कोळ्यांची चार घरं होती. एक बाई ओट्यावर सुका जवळा निवडत बसली होती. निघता निघता मी तिला विचारलं, “काय हो बाई, इथे पावसाळ्यात पाणी तुंबतं का?”

“तुंबत नाय, येतं,” ती म्हणाली. “पावसाचं नाय, खाडीचं. मोठ्या उधाणाला वरून पाऊस लागला का येतंच.” ती उठली आणि तिने घराच्या भिंतीवर गुडघ्याखाली एक मळकट रेघ होती ती मला दाखवली. “म्हणून आमचा ओटा बघा केवढा उंच केलाय. आनि तुमची बिल्डिंग बघा.”

मी बघितलं. इमारतीचं जोतं जमिनीपासून जेमतेम वीतभर होतं. याचा अर्थ ट्रेसरलाही कळतो. मी वही उघडली. तेवढ्यात बिल्डरचा माणूस मागून आला आणि हसून म्हणाला, “साहेब, ह्यांचं काय ऐकता? आपण लोक इथे यायला नकोत ह्यांना.”

मी वही मिटली. त्याच्यावर माझा विश्वास बसला, असं नाही. पण तो मला ‘आपण लोक’ म्हणाला होता, आणि हाताला मासळीचा वास असलेल्या त्या बाईच्या बाजूला उभं राहण्यापेक्षा त्याच्या बाजूला उभं राहणं सोपं होतं.

सोमवारी वही वाचून दाखवली. सहापैकी पाच जणांनी तिथे नोंदणी केली. ही बातमी ठाण्यात वर्तकनगरला आमच्या घरी आलेल्या मावशीच्या कानावर गेली. ती प्राथमिक शाळेतून रिटायर झालेली, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कल्याणला भाड्याच्या खोलीत राहायची आणि मालक खोली सोडा म्हणून मागे लागला होता. आईच्या आजारपणात दोन वर्षं तिनेच मला सांभाळलं होतं. “तू बघितलंयस ना? मग मी कशाला बघायला हवं?” ती म्हणाली. “फक्त माझे गुडघे बघता तळमजला मिळाला तर बरं. मिळेल का रे?”

ती रेघ माझ्या डोळ्यांसमोर आली. पहिला मजला घे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग का ते सांगावं लागलं असतं, आणि ते ऑफिसातही कळलं असतं. मी म्हणालो, “मिळेल की.”

मी स्वतः तिथे घेतलं नाही. वडिलांची इच्छा नाही, असं सगळ्यांना सांगितलं. वडिलांना मी विचारलंही नव्हतं.

मावशी राहायला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, आषाढातल्या अमावास्येला, तिच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा ऑफिसात फोन आला. मी पोचलो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. तिचं दार सताड उघडं. घरात पोटरीभर चिखल, तांदळाचा डबा आडवा, शाळेच्या निरोपसमारंभाचा फोटो भिंतीवरून खाली. मावशी मात्र नव्हती. ती मागच्या कोळ्यांच्या ओट्यावर दुसऱ्या कुणाचं तरी कोरडं लुगडं नेसून, कपातला कोरा चहा पीत बसली होती. त्या बाईच्या दोन मुलांनी तिला खुर्चीसकट उचलून आणलं होतं.

बाईने मला लगेच ओळखलं. “तुमी आलते ना वही घेऊन? मी सांगितलेलं तुमाला.” आवाजात राग नव्हता.

मावशीने माझ्याकडे बघितलं.

“हो,” मी म्हणालो. “विसरलोच मी.”

“विसरला असेल हो,” मावशी तिला म्हणाली. “तेव्हा त्याच्या मागे शंभर कामं होती.”

पुढच्या हिवाळ्यात मी घर विकायचं ठरवलं. भिंतींना नवा रंग दिला, खालचे डाग झाकले आणि मावशीला बजावलं की पाण्याचा विषय काढायचा नाही. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं आलं. मावशीने त्यांना चहा दिला आणि पोटरीला हात लावून म्हणाली, “मोठ्या उधाणाला इथवर पाणी येतं हं. विचार करून घ्या.” ते गेले ते पुन्हा आले नाहीत.

मी तिच्यावर ओरडलो. “असं सांगितलंस तर कोण घेईल?”

“अरे, कडेवर मूल होतं तिच्या. न सांगता कसं देऊ?”

तिने हे मला टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मी उलट बोललो असतो. आणखी तिघं जण येऊन गेले, तिघांनाही तिने तेच सांगितलं. शेवटी मी विकण्याचं सोडून दिलं. तिने पलंग विटांवर चढवून घेतला, धान्य माळ्यावर ठेवलं आणि उधाणाच्या दिवशी सकाळीच त्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. त्या कोळीण बाईच्या नातीला ती बेरीज-वजाबाकी शिकवायची.

ऑफिसातल्या पाचही जणांनी वरचे मजले घेतले होते. नव्वदीच्या मध्याला त्यांनी ते उत्तम भावाला विकले. एकाने पेढे आणले. “तुझी नजर अचूक बाबा,” म्हणाला. मी पेढा खाल्ला.

मावशी शेवटी ठाण्यातच हॉस्पिटलात होती. एका दुपारी आम्ही दोघंच असताना मी म्हणालो, “मावशी, तेव्हा मी विसरलो नव्हतो. मला माहीत होतं. म्हणून तर मी घेतलं नाही तिथे.”

शेवटचं वाक्य तिला नवीन होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

“मग तेव्हाच सांगायचंस रे,” ती म्हणाली. “दुसरा मजला चढले असते मी, हळूहळू.”

मग तिने कुशीवर वळवायला सांगितलं. मी तिला भिंतीकडे वळवलं आणि पाठीला उशी लावली.