ब्रेकचा मास्टर आणि कापसाचा आकडा

लढाई संपून लष्कराच्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या, तेव्हा मी कापसाची खरेदी सोडून एक लॉरी घेतली. कापसाच्या बाजारात उमर घालवलेला माणूस सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नाही. गाडीत वरवर पांढराशुभ्र कापूस आणि मधोमध पाणी मारलेला, हे आम्ही रोज पाहायचो. म्हणून आम्हा खरेदीवाल्यांजवळ लोखंडी आकडा असायचा. तो गाडीत खोल खुपसायचा, पोटातला कापूस ओढून काढायचा आणि मगच भावाचं बोलायचं. धंदा सुटला, पण आकडा माझ्याजवळच राहिला.

लॉरीचा मागचा आस मोडला. तसाच दुसरा कुठे मिळेना, तेव्हा वाशीमच्या मिस्त्रीने एका मोठ्या लॉरीचा आस, चाकं आणि ब्रेकांसकट, कापून-जोडून बसवला. गाडी ओझं मस्त ओढायची, पण थांबायला तयार नसायची. तीन-चार वेळा पायडल हाणावं तेव्हा कुठे ब्रेक लागे. आणि आमची खेप अकोल्याची, म्हणजे पातूरचा घाट उतरणं आलंच. ड्रायव्हर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, लेकुरवाळा माणूस. घाटात ब्रेक लागला नाही तर त्याचं काय होईल, हे मला सांगायला कोणी नको होतं.

दोष मास्टरचा होता. पायडल दाबलं की चारी चाकांकडे ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या पंपाला सगळे मास्टरच म्हणत. मिस्त्री म्हणाला, "मागच्या चाकाइले आता तेल जास्त लागते, अन् मास्टर हाय लहान. तांब्यानं रांजण कवा भरन? मोठा मास्टर घ्या."

गाडीच्या सुट्या भागांचा दुकानदार जैन होता, मोजकं बोलणारा. त्याने दोन मास्टर काढून समोर ठेवले. एक जुन्याच मापाचा, जुन्याच भोकांवर बसणारा. दुसरा मोठा, त्याला नवी पट्टी ठोकावी लागणार. दुकानदार म्हणाला, "लहान बिनखटपटीचा बसते. पन काम मोठाच देईन." मला दोघांचाही संशय आला. मिस्त्रीला पट्टीचं काम काढायचं असेल. आणि हा दुकानदार मोठ्याचीच तारीफ काहून करून राह्यला? जुना माल घासूनपुसून गळ्यात बांधत असेल.

मोठा घेतला खरा, पण जीव राहीना. मिस्त्रीच्या अंगणात एकटाच असताना मी मास्टरच्या तोंडाची कडी काढली, आतला दट्ट्या उपसला आणि आकडा घालून आतून चांगलं खरवडलं. वरच्या चकाकीखाली गंज असेल तर बाहेर येईल, हा माझा हिशेब. गंज निघाला नाही. दट्ट्या परत बसवला आणि आपण फसलो नाही म्हणून खूश झालो. ड्रायव्हर पलीकडे निंबाखाली भाकर खात होता.

मास्टर बसला. एकाच दाबात गाडी जागच्या जागी उभी राहायची. आठ-दहा दिवसांनी ड्रायव्हर म्हणाला, "मालक, पाय दाबून धरला का पायडल हळूहळू खाली जाऊन राह्यलं." मी म्हणालो, "तुले खेप टाळाची असन." मला खरंच तसं वाटलं होतं.

त्याच खेपेला पातूरच्या घाटात पायडल तळाला टेकलं. त्याने गिअर खाली ओढले, हातब्रेक खेचला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली. माणूस वाचला. मी मात्र तणतणत मिस्त्रीकडे गेलो, की तुम्ही दोघांनी संगनमत करून मला भंगार विकलं. मिस्त्रीने मास्टर खोलला, उन्हाकडे धरला आणि आतला लांब चरा मला दाखवला. त्या चऱ्याने दट्ट्यावरची रबराची वाटी कापली होती आणि तेल आतल्या आत मागे सरत होतं.

"याच्यात कोनं काई घातलं होतं काय?" मिस्त्रीने विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. मी पटकन म्हणालो, "दुकानातूनच तसा आला असन." ड्रायव्हर शेजारीच उभा होता. दुकानदाराने मास्टर बदलून दिला, वर हात जोडले. त्या जोडलेल्या हातांची लाज मला आजही वाटते, आणि तरी मी तिथे तोंड उघडलं नाही.

नवा मास्टर बसला, मिस्त्रीने गाडी फिरवून पाहिली, पोती चढली. ड्रायव्हर काही केल्या आपल्या जागेवर बसेना. पलीकडचं दार उघडून उभा राहिला.

"मालक, या खेपेले तुमी बसा बाजूले."

"काहून? मिस्त्रीनं पाह्यलं ना सारं?"

"मिस्त्रीवर भरोसा हाय मले," तो म्हणाला. "तुमी आकडा घातला तवा मी निंबाखालून पाह्यलं होतं. तवा समजलं नाही. चरा पाह्यला तवा समजलं. या नव्यात नसन घातला तर घाट संगंच उतरू."

मी घातला नव्हता. तसं सांगून त्याला पटणार नाही, हेही मला कळत होतं. मी चढून बाजूला बसलो.