नौदलात जायचं तर पोहता यायला हवं

एकसष्टच्या हिवाळ्यात देशाची पहिली विमानवाहू नौका मुंबईला आली, तेव्हा अकोल्याच्या आमच्या कॉलेजात समुद्र पाहिलेला एकही पोरगा नव्हता. तरी वर्तमानपत्रातला तिचा फोटो आम्ही फाटेस्तोवर पाहिला. पुढच्याच महिन्यात गोवा मोकळा झाला, त्यातही नौदल होतं, आणि माझ्या बाकावरच्या मित्रानं जाहीर केलं की तो नौदलात जाणार. सगळे हसले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणाले. मी हसलो नाही, याचा मला फार अभिमान होता.

नौदलात जायचं तर पोहता यायला हवं, हे आमचं आम्हीच ठरवून टाकलं. कुणाला विचारावं असं सुचलंही नाही. त्याला पोहता येत नव्हतं; त्याच्या वस्तीत कुणालाच येत नव्हतं. आम्ही दोघं बाळापूरचे; तिथली मन नदी उन्हाळ्यात कोरडी, आणि विहिरी आमच्या. छप्पन साली त्याचं घर बौद्ध झालं, पण आमच्या माणसांनी त्यांना विहिरीवरून हाकलायचं काही सोडलं नाही.

भरती जूनमध्ये होती. मे महिन्यात मी त्याला बाळापूरजवळच्या आमच्या मळ्यात नेऊ लागलो. काका जेवून झोपले की त्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि विहिरीत सोडायचं. आठ दिवसांत तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊ लागला. नवव्या दिवशी काका झोपले नाहीत.

त्यांच्या वहाणा वाजल्या तसा मी दोर सोडून दिला आणि चार पावलं मागं सरलो.

"कोन हाय बे विहिरीत?"

"मले काय मालूम? मी तं आताच आलो. चोरून उतरला असंन."

विहिरीत ऐकू जाऊ नये म्हणून हे मी हळूच म्हणालो. वा रे बहाद्दर! काकांनी मला घरी पिटाळलं. मग गडी बोलावून त्याला वर काढलं आणि मारलं. विहीर बाटली म्हणून दोन दिवस इंजिन लावून उपसली, गोमूत्र शिंपडलं. त्यापायी वांगी वाळली, त्याचं काकांना काही वाटलं नाही. तो पुन्हा कॉलेजात आला नाही, आणि मीही त्याच्या वस्तीकडं फिरकलो नाही. तोंड दाखवायला तोंड हवं ना!

सहा वर्षांनी, देशाची पहिली पाणबुडी आली तेव्हा, तो मला अमरावतीच्या बसस्टँडवर भेटला. सरकारी कचेरीत कारकून झाला होता. काही बोललं की उजवा कान पुढं करायचा. बोलायला काही सुचेना म्हणून मी पाणबुडीची बातमी काढली. कसली दुर्बुद्धी!

"वाचली," तो म्हणाला. "मी भरतीले गेलो होतो नं. मैलभर पयलो, छातीचं माप भरलं. डाक्टरनं कान पायला अन् परत धाडलं. डाव्या कानाचा पडदा फाटला होता, त्या दिवशीच्या मारानं." मग जरा हसला. "पोहता येते का, हे तं कोनी इचारलंच नाही. ते म्हने भरती झाल्यावर तेच शिकवतात."

मला तिथंच मरून जावंसं वाटलं. माझी बस लागली होती. मी पिशवी उचलली, तर त्यानं माझा हात धरला.

"इतके वर्स मले एकच वाटून राहिलं. तुले घरी लय मारलं असंन नं त्या दिवशी, माह्यासाठी?"

"हो," मी म्हणालो. "लय मारलं."

त्याचे डोळे भरून आले.